पडले की पाडले?

प्रास्ताविक

वर्तमानपत्र आपण सर्वच वाचतो आणि दूरचित्रवाणीवरील बातम्याही ऐकतो. एरवी एखादी बातमी चुकली तर फारसे बिघडत नाही; दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापून येते. युद्धाच्या काळात मात्र चुकीच्या बातमीने गावे रिकामी होतात, घरे हादरतात. या पाठात अशा बातमीचे शब्द कसे वाचावेत, याचा विचार केला आहे. पाठ वाचताना क्रियापदांकडे विशेष लक्ष द्या.

मूळ पाठ

कुंभकोणम हे तमिळनाडूतील कावेरीकाठचे देवळांचे गाव. तंजावरच्या मराठी राज्यामुळे या परिसरात मराठी बोलणारी घराणी तीन शतकांहून अधिक काळ नांदत आली आहेत. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या संस्थानांचे दिवाणपद भूषविणारे सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली याच गावी झाला.

अशाच एखाद्या मराठी घराच्या ओसरीवर आपण सप्टेंबर १९१४ मध्ये बसलो आहोत, अशी कल्पना करा. पहिले महायुद्ध सुरू होऊन दोन महिनेही झालेले नाहीत. २२ सप्टेंबरच्या रात्री ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने मद्रास बंदरावर तोफा डागल्या. सुमारे अर्ध्या तासात सव्वाशेच्या आसपास गोळे सुटले आणि बर्मा ऑइल कंपनीच्या तेलटाक्यांनी पेट घेतला. नौका आली तशी अंधारात निघून गेली. परंतु त्यानंतर हजारो लोकांनी भीतीपोटी मद्रास शहर सोडले.

मद्रासहून कुंभकोणम सुमारे ३०० किलोमीटर. समजा, आगगाडीतून उतरलेले एक पाहुणे ओसरीवर येऊन सांगतात, “मी स्वतः आकाश लाल झालेले पाहिले.” स्थानकावरून परतलेले शेजारी म्हणतात, “जर्मन सैन्य किनाऱ्यावर उतरले म्हणे.” तिसरे गृहस्थ तर शहर पडल्याचेच सांगतात. तिघांपैकी कोणीही खोटे बोलण्याच्या इराद्याने आलेले नाही. पण पाहुण्यांनी आग पाहिली आहे, नौका नव्हे. शेजाऱ्यांच्या वाक्याला ‘म्हणे’ चिकटलेले आहे. तिसऱ्यांनी ते ‘म्हणे’ही वाटेत गाळून टाकले. मराठीतील हा दोन अक्षरांचा शब्द फार प्रामाणिक आहे. हे मी पाहिलेले नाही, ऐकलेले आहे, अशी कबुली तो देतो. अफवा पसरते तेव्हा सर्वांत आधी हाच शब्द गळतो.

‘एम्डेन’ त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला कोकोस बेटांजवळ ‘सिडनी’ या ऑस्ट्रेलियन युद्धनौकेशी झालेल्या लढाईत निकामी झाली. तिचे नाव मात्र तमिळ भाषेत राहून गेले. धूर्त, बिलंदर माणसाला तेथे आजही ‘एम्डेन’ म्हणतात.

आता एका शतकानंतरचा प्रसंग पाहू. या वेळी तोफगोळ्याऐवजी क्षेपणास्त्र होते आणि बातमी आगगाडीने नव्हे, क्षणार्धात घरोघरी पोहोचत होती.

२७ फेब्रुवारी २०१९. आदल्या दिवशी भारतीय वायुसेनेने बालाकोट येथे हल्ला केला होता. त्या सकाळी पाकिस्तानी विमाने चालून आली आणि नियंत्रण रेषेलगत हवाई चकमक सुरू झाली. त्याच सुमारास, सकाळी दहा वाजल्यानंतर थोड्याच वेळात, श्रीनगरहून निघालेले वायुसेनेचे एमआय-१७ हेलिकॉप्टर बडगाम जिल्ह्यातील गरेंद कलां गावाजवळ कोसळले. वायुसेनेचे सहा जण आणि जमिनीवरील एक नागरिक असे सात जण मृत्युमुखी पडले. स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे हे नाशिकचे अधिकारी त्यांत होते.

पहिल्या तासांतील बातम्या आठवून पाहा. काही ठिकाणी ‘लढाऊ विमान कोसळले’ असे आले. ते हेलिकॉप्टर होते, हे नंतर स्पष्ट झाले. मृतांचा आकडाही सुरुवातीला कमी होता. कारण म्हणून ‘तांत्रिक बिघाड’ सांगितला जात होता. दरम्यान पाकिस्तानच्या लष्करी प्रवक्त्याने दोन भारतीय विमाने पाडल्याचा आणि दोन वैमानिक ताब्यात असल्याचा दावा केला. संध्याकाळपर्यंत त्यानेच ताब्यातील वैमानिक एकच असल्याचे सांगितले. पाडलेल्या दोन विमानांपैकी एक भारताच्या हद्दीत पडल्याचेही त्याने म्हटले होते. एकीकडे हा दावा आणि दुसरीकडे बडगामचे जळते अवशेष. दोन्ही एकाच सकाळचे असल्याने अनेकांनी त्यांची सांगड घातली. वस्तुतः वेळ जुळली म्हणून कारण जुळतेच असे नाही.

येथे मराठीतील एका काना-मात्रेचे बळ ध्यानात घ्या. ‘हेलिकॉप्टर पडले’ हे डोळ्यांना दिसणारे आहे. गावकरी ते सांगू शकतो. ‘हेलिकॉप्टर पाडले’ म्हणताच वाक्यात पाडणारा येतो, मग तो दिसो वा न दिसो. ‘प’चा ‘पा’ झाला की साक्षीचे रूपांतर आरोपात होते. त्याचप्रमाणे ‘बिघाडामुळे पडले’ या वाक्यातही एक निर्णय दडलेला आहे. धूर निघत असलेल्या अवशेषांभोवती उभे राहून तासाभरात कोणालाही यंत्रातील बिघाड सिद्ध करता येत नाही. म्हणून ‘तांत्रिक बिघाड’ हे शब्द सौम्य वाटले, तरी ‘शत्रूने पाडले’ या शब्दांइतकेच ते त्या वेळी अप्रमाणित होते. सौम्य अंदाज आपण सहज स्वीकारतो. त्यातच फसगत होते.

खरे कारण कळण्यास सात महिने लागले. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी तत्कालीन वायुसेनाप्रमुख राकेशकुमार सिंह भदौरिया यांनी चौकशीचा निष्कर्ष जाहीर केला. हेलिकॉप्टरवर आपलेच क्षेपणास्त्र आदळले होते. ही मोठी चूक होती, असे त्यांनी स्पष्टपणे सांगितले. जमिनीवरून आकाशात मारा करणाऱ्या तुकडीला पडद्यावर जे दिसते ते सरकणारे एक चिन्ह असते. ते आपले की परक्याचे, हे ओळखण्यासाठी विमानात संकेत देणारे यंत्र बसवलेले असते. त्या दिवशी ते यंत्र बंद होते, असे चौकशीविषयीच्या बातम्यांत पुढे आले.

मग त्या सात महिन्यांत ज्यांनी ‘आपलाच मारा असेल’ असा तर्क केला, ते शहाणे ठरले काय? माझ्या मते, तर्क खरा निघाला म्हणून तो त्या दिवशीच ज्ञान होता, असे म्हणता येत नाही. पुरावा हाती नसताना तो तर्कच होता. ज्याने तो ‘असावे’ असे म्हणून मांडला, त्याने भाषेशी इमान राखले. ज्याने ‘आहे’ म्हणून मांडला, त्याचे नशीब चांगले एवढेच. अधिकाऱ्यांच्या मौनाबद्दलही घाईने मत बनवू नये. लढाई चालू असताना काही गोष्टी सांगता येत नाहीत, हे खरे. परंतु मौन आणि चुकीचे कारण देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सात घरांना आपला माणूस कसा गेला, हे जाणून घेण्याचा अधिकार होता. त्यांच्यासाठी ‘पडले’ आणि ‘पाडले’ यांतील अंतर व्याकरणापुरते नव्हते.

शब्दार्थ

अप्रमाणित : पुराव्याने सिद्ध न झालेले. बिलंदर : लबाड, चलाख. सांगड घालणे : एकमेकांशी जोडणे. इमान राखणे : प्रामाणिक राहणे.

स्वाध्याय

१. ‘पूल कोसळला’, ‘पूल कोसळल्याचे समजते’, ‘पूल कोसळला असावा’ आणि ‘पूल पाडल्याचा दावा’ या चार शीर्षकांत बातमीदाराला प्रत्यक्ष किती ठाऊक आहे, ते प्रत्येकी एका वाक्यात लिहा.

२. ओसरीवरील पाहुण्यांना तुम्ही कोणते दोन प्रश्न विचाराल?

३. आजच्या वर्तमानपत्रातील एका दुर्घटनेची बातमी कापून वहीत चिकटवा. तिच्यातील पाहिलेले, ऐकलेले आणि तर्काने सांगितलेले भाग वेगवेगळ्या रंगांनी अधोरेखित करा. तीच घटना महिन्याभराने पुन्हा शोधा आणि कोणत्या रंगाचे शब्द बदलले, ते पाहा.