संगणकाची स्मृती आणि व्यापाऱ्याची वही

व्यापारात वहीला पूर्वी जे स्थान होते तेच आजही आहे. बदलले आहे ते केवळ वहीचे रूप. कीर्द, खतावणी आणि मालसाठ्याचे पुस्तक ही तिन्ही आता पुष्कळ दुकानांतून संगणकात लिहिली जातात. केळीची गाडी दारात उभी असावी, बिल निम्मे झालेले असावे आणि नेमक्या त्याच क्षणी पडदा निळा होऊन यंत्र बंद पडावे, हा प्रसंग अनेक सभासदांच्या परिचयाचा असेल. अशा वेळी कोणी व्हायरसला दोष देतो, कोणी विजेला. कोणी सारी प्रणाली पुसून नव्याने बसवितो, तर कोणी नवे यंत्रच विकत घेतो. कित्येकदा मात्र खरा दोष वीतभरही लांब नसलेल्या एका पट्टीत असतो. तिला रॅम म्हणतात. हा दोष कसा ओळखावा व कसा दूर करावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

रॅमचे कार्य

मुनीमजी आकडेमोड पाटीवर करीत आणि नंतर नोंद पक्क्या वहीत उतरवीत. संगणकातील डिस्क ही पक्की वही होय आणि रॅम ही पाटी. वीज गेली की पाटी कोरी होते. रॅममध्ये प्रत्येक शून्य वा एक हा अतिसूक्ष्म विद्युत्भाराच्या रूपाने एकेका कोठडीत ठेवलेला असतो. ही रचना आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांनी शोधून काढली व तिचे पेटंट त्यांना १९६८ साली मिळाले. कोठडीतील भार आपोआप गळत असल्याने यंत्राला तो सेकंदात अनेक वेळा पुन्हा भरावा लागतो. ८ जीबीच्या एका पट्टीत अशा ६,८७१ कोटींहून अधिक कोठड्या असतात. त्यांतील एखादी जरी दुबळी झाली, तरी शून्याच्या जागी एक उमटू शकतो.

त्या कोठडीत यंत्राला दिलेली आज्ञा असेल, तर यंत्र थांबते. परंतु तेथे रकमेचा आकडा असेल, तर यंत्र चालूच राहते आणि चुकीचा आकडा निमूटपणे पक्क्या वहीत जाऊन बसतो. १,२५० रुपयांच्या रकमेतील केवळ एक अंक उलटला, तर ती रक्कम ५,३४६ होऊ शकते. फरक बरोबर ४,०९६ चा. हे केवळ कल्पनेतील उदाहरण नव्हे. मे २००३ मध्ये बेल्जियममधील शारबेक येथील निवडणुकीत एका उमेदवाराला शक्य होती त्याहून अधिक मते यंत्राने दाखविली. फेरमोजणीत जास्तीची मते नेमकी ४,०९६ निघाली. स्मृतीतील एकच अंक उलटला असावा, बहुधा अंतराळातून येणाऱ्या किरणांमुळे, असा तर्क त्यावरून करण्यात आला. म्हणून वारंवार बंद पडणारे यंत्र हा केवळ वेळेचा अपव्यय नसून वहीला लागलेल्या धोक्याची ती सूचना समजावी.

लक्षणे

रॅम अपुरी असणे आणि रॅम सदोष असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. अपुरी असता यंत्र मंद चालते आणि अनेक कामे एकदम उघडली की अडखळते. सदोष असता यंत्र कोणत्याही कामात, कोणत्याही वेळी बंद पडते; निळ्या पडद्यावरील संदेश दर वेळी निराळा असतो; चांगली फाईल उघडत नाही; प्रणाली नव्याने बसविताना मध्येच थांबते. काही यंत्रे सुरू होतानाच वारंवार शीळ घालतात व पडदा काळाच राहतो.

परीक्षेचा क्रम

प्रथम नव्या नोंदी थांबवाव्यात आणि हिशेबाची प्रत वेगळ्या पेन ड्राइव्हवर घ्यावी. जुनी चांगली प्रत मात्र पुसू नये. कारण सदोष यंत्राने केलेली प्रतही सदोष असू शकते.

नंतर यंत्र बंद करून वायर काढावी. पेटीच्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी आणि मग पट्टी बाहेर घ्यावी. आपल्या बुऱ्हाणपूर भागात यंत्रमागांमुळे कापसाचे तंतू हवेत असतात, आणि पंख्याबरोबर ते पेटीत शिरून साचतात. मऊ ब्रशाने स्लॉट झाडावा, पट्टीच्या सोनेरी कडा पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसाव्यात व खटका बसेपर्यंत पट्टी दाबावी. सैल बसलेली पट्टी एवढ्यानेच पुष्कळदा ताळ्यावर येते.

दोष तरीही राहिला, तर विंडोजमधील ‘विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक’ ही तपासणी चालवावी. अधिक कसून परीक्षा हवी असल्यास ‘मेमटेस्ट८६’ हा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवरून सुरू करून रात्रभर चालू ठेवावा. येथे एकही चूक क्षम्य नाही. एक चूक आढळली तरी दोष आहे असेच मानावे.

पट्ट्या दोन असतील, तर एका वेळी एकच लावून तपासावी. चूक पट्टीबरोबर फिरत असेल, तर पट्टी सदोष. कोणतीही पट्टी लावली तरी चूक एकाच स्लॉटमध्ये येत असेल, तर मदरबोर्ड संशयास्पद. सर्वत्र येत असेल, तर पॉवर सप्लाय, पेटीतील उष्णता, किंवा रॅमचा वाढविलेला वेग यांकडे पाहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. अन्यथा गुण कशाने आला हे कधीच कळत नाही.

नवी पट्टी आणि जुने हिशेब

डीडीआर४ ची पट्टी डीडीआर५ च्या स्लॉटमध्ये बसत नाही. म्हणून खरेदीस जाताना जुनी पट्टी बरोबर न्यावी. बिल जपून ठेवावे, कारण अनेक कंपन्या रॅमवर दीर्घ मुदतीची हमी देतात. ज्या पेढीवर एकाच सर्व्हरवर अनेक जण नोंदी करतात, तेथे स्वतःची चूक सुधारणारी ईसीसी रॅम घेणे श्रेयस्कर होय; मात्र मदरबोर्ड व प्रोसेसर तिला अनुकूल आहेत की नाहीत, हे आधी पाहावे.

पट्टी बदलल्यावर यंत्र सुरळीत चालू लागते आणि बहुतेकांचे काम तेथेच संपते. वास्तविक तेथून व्यापाऱ्याचे काम सुरू होते. यंत्र प्रथम ज्या दिवशी बंद पडले, त्याच्या काही दिवस आधीपासूनच्या सर्व नोंदी कागदी बिलांशी ताडून पाहाव्यात. बँकेची शिल्लक पासबुकाशी, मालाची शिल्लक गोदामातील प्रत्यक्ष मोजणीशी आणि विक्रीची बेरीज जीएसटीच्या विवरणपत्राशी जुळवावी. ग्राहकाच्या नावे चुकीची येणे रक्कम निघाली आणि ती त्याच्याकडे मागितली गेली, तर पट्टीच्या किमतीहून कितीतरी मोठी हानी पेढीच्या पतीची होते. ही जुळवणी पूर्ण होईपर्यंत त्या मुदतीतील कोणत्याही खात्यावरून वसुलीचे पत्र पाठवू नये, एवढी खबरदारी सभासद बंधूंनी अवश्य घ्यावी.