पाच हजारांत तानपुरा नीट ऐकू येईल?

प्रश्न : मी ६३ वर्षांची आहे. शास्त्रीय संगीत ऐकण्यासाठी हेडफोन घ्यायचाय, पाच-सहा हजार रुपये बाजूला ठेवलेत. खोक्यावर '४० हजार हर्ट्झपर्यंत' लिहिलेला जास्त चांगला असतो ना? मला चष्मा आहे.
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, त्या आकड्यासाठी जादा पैसे मोजू नका. माणसाचा कान फार तर २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो आणि वयानुसार ही मर्यादा खाली येते. तुमच्या रकमेत कान पूर्ण झाकणारा, वायरचा हेडफोन चांगला मिळतो. घरी निवांत ऐकत असाल तर बाहेरून जाळी असलेला, उघड्या पाठीचा घ्या. तानपुरा खोलीतच लागल्यासारखा मोकळा वाटतो. मात्र शेजारी बसलेल्यालाही तो ऐकू जातो. मोबाइलसाठी ३२ ओहमच्या आसपासचा बरा; २५० ओहमचा घेतलात तर आवाज दबका येण्याची शक्यता जास्त. फोनला गोल पिनेची जागा नसेल तर टाइप-सी अडॅप्टर लागेल.

दुकानात चष्मा घालूनच, रोजच्या ऐकण्यातली बंदिश लावून पंधरा मिनिटं बसा. चष्म्याची काडी कानामागे रुतली तर तो हेडफोन परत ठेवा. डग्ग्याचा घुमारा गायकाच्या आवाजावर चढत असेल, तर तोही नको. आवाज निम्म्याच्या आसपासच ठेवा. ऐकून झाल्यावर कानात गुणगुण उरली तर आणखी कमी करा. ती थांबेना, तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा.