नदीकडे उतरणारी वाट आणि घळ

आपले शेत कन्हान किंवा पेंचच्या काठच्या झाडीला लागून असेल, तर नदीकडे सरळ उतरणारी एखादी पायवाट तेथे असतेच. गुरे, बैलगाडी आणि आता हौशी तरुणांच्या डोंगरी सायकली तिनेच जातात. चाकोरी पडली की पावसाचे पाणी तीच धरते, वाटेची घळ होते आणि ती बांधापर्यंत सरकते. दोष चाकाचा कमी, उताराचा अधिक.

वाट उतारास आडवी, तिरपी न्यावी. तिचा उतार टेकडीच्या उताराच्या निम्म्याहून कमी असावा आणि सरासरी १० मीटर लांबीस १ मीटरपेक्षा जास्त नसावा. नदीकडील कड १ मीटर रुंदीस ३ ते ५ सें.मी. खाली ठेवावी, म्हणजे पाणी वाटेवरून न धावता आडवे निघून जाते.

नागपूर भागातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरात पडतो. तेव्हा काळ्या जमिनीत चाके रुततात, म्हणून वापसा येईपर्यंत वाट बंद ठेवावी. (सायकलवाल्यांना हे लवकर पटते, गुराख्यांना पटवावे लागते!) जुन्या घळीत अनघड दगडांचे बांध घालून काठावर वाळा लावावा. हद्द वनखात्याची असल्यास मात्र परवानगीशिवाय कुदळ लावू नये.