गहू बंद, भूक मात्र दुप्पट

प्रश्न : आठ वर्षांच्या मुलाला सिलिअ‍ॅक असल्याचे निदान झाल्यापासून गहू बंद आहे. शाळेतून आल्यावर तो साबुदाण्याची खिचडी किंवा चुरमुरे खातो, पण तासाभरात ‘आई, भूक!’ सुरू. पोटभरीचे काय द्यावे?

उत्तर : या आजारात गव्हातल्या ग्लुटेनमुळे लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते. पथ्याने ते भरून येऊ लागले, की अनेक मुलांची भूक उसळते. तेव्हा भुकेची धास्ती नको.

कमी पडतो तो खाऊ. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. चुरमुऱ्यांतही दम नाही. त्याऐवजी पनीर किसून घातलेले मुगाचे धिरडे, उकडलेले अंडे, ज्वारीच्या भाकरीचा दह्यातला काला किंवा दाण्याचा लाडू द्यावा. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. सुरुवातीला काही मुलांना दूध सोसत नाही. दही बहुधा चालते.

खरी फसगत हिंगात होते! बाजारातल्या बांधानी हिंगात बऱ्याचदा गव्हाचे पीठ असते. थालीपिठाच्या भाजणीतही गहू असतो. गव्हापाठोपाठ गिरणीत दळलेली ज्वारीही चालत नाही. घरघंटी परवडत असेल तर उत्तम. पाकिटावर ‘ग्लुटेन-फ्री’ छापायला किलोमागे २० मिलिग्रॅमची कमाल मर्यादा आहे, म्हणून लेबल वाचावेच.

एवढे खाऊनही वजन वाढत नसेल किंवा जुलाब थांबत नसतील, तर डॉक्टरांना दाखवावे. बहुतेकदा कुठूनतरी गहू पोटात जातच असतो.