दुसरा खटका

सातारा, गुरुवार

चि. सौ. मुक्ता,



काल घरच्या ग्रुपवर अबीरचा फोटो आला. सगळ्यांनी त्याच्या नव्या दातांचं कौतुक केलं. मी मात्र फोटो मोठा करून बघितला, आणि पोटात गोळा आला. गाडीतल्या त्याच्या खुर्चीच्या पट्ट्याची डावी जीभ बकलात नव्हतीच, मांडीवर लोंबत होती. छातीवरची क्लिप घसरून बेंबीपाशी. तुझ्या आईला फोन केला तर म्हणाली, "अण्णा, ते बकल फार कडक आहे रे. तिला दाबवत नाही, म्हणून एकच बाजू लावते."

एकच बाजू! एसटीच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाच्या भाचीने हे करावं?

बकल कडक असतं ते मुद्दाम, मुक्ता. पोराच्या बोटाने उघडू नये म्हणून. अमेरिकेच्या नियमात लाल बटण 9 पौंडांच्या आत सुटता कामा नये आणि 14 पौंडांत सुटलंच पाहिजे. युरोपात तेच 40 ते 80 न्यूटन. म्हणजे कुठलीही खुर्ची घे, चार किलोचा जोर लागणारच. अंगठ्याच्या टोकाने नको, पेराने दाब.

तुझ्याकडच्या दोन खुर्च्यांत फरक आहे तो दुसराच. नाशिकला सासरच्या गाडीत आहे ती युरोपी धाटणीची. तिच्या दोन्ही जिभा आधी एकमेकींत बसवाव्या लागतात, मगच जोडी आत जाते. एकटी जीभ लागतच नाही, आळशाला वावच नाही. न्यू जर्सीहून दादाने पाठवलेल्या खुर्चीत मात्र दोन्ही जिभा वेगवेगळ्या जातात. एक खटका ऐकला की आपल्याला वाटतं, झालं. दुसरा ऐकायचा राहतो. ती छातीची क्लिपही काखेच्या रेषेत हवी. तिचं काम खांद्यावरचे पट्टे जागेवर ठेवण्याचं, मूल अडवण्याचं नव्हे. मला विचारशील तर नाशिकचं बकल बरं. पण खुर्ची बदलू नकोस, सवय बदल. दोन खटके, मग खांद्यापाशी पट्टा चिमटीत धरून बघ. चिमटीत आला तर तो ढिला आहे.

आणि ते बकल खरोखरच प्रमाणाबाहेर कडक झालं असेल, तर आत बिस्किटाचा चुरा असणार. हसू नकोस. 2014 मध्ये अमेरिकेत ग्रॅको कंपनीला साठ लाखांहून जास्त खुर्च्यांची बकलं बदलून द्यावी लागली. खाऊ आणि वाळलेलं दूध आत जाऊन ती उघडेनाशी होत होती. खुर्चीचं पुस्तक काढून बघ. बहुतेकांत बकल कोमट पाण्यात खळबळून वाळवायला सांगितलेलं असतं. तेल घालू नकोस, तुझ्या नवऱ्याला ती खोड आहे. तेलावर धूळ धरते.

तुझी आई आणखी एक गोष्ट म्हणाली. एक्स्प्रेसवेवर अबीर रडायला लागला की तू त्याला मांडीवर घेतेस. हे खोटं असेल तर मला आजच कळव. कायदा आणि हजाराचा दंड जाऊ दे. पन्नासच्या वेगात गाडी आदळली तर दहा किलोचं पोर हातांना दोनतीनशे किलोचं होतं. कुठल्याही आईचे हात ते धरू शकत नाहीत, तुझेही नाहीत. रडला तर गाडी थांबव. उशीर झाला तर होऊ दे.

फार बोललो. पण मला बोलायचा हक्क किती आहे, हे आज तुला सांगतोच.

तुझ्या उजव्या भुवईत तो व्रण आहे ना? घरात सगळे म्हणतात, मंदिराच्या पायरीवरून पडली. तू पडली नव्हतीस. 1994 चा मे महिना होता. माझ्या जुन्या फियाटमधून तुला पुण्याहून आणत होतो. पुढच्या सलग सीटवर तू उभी, दोन्ही हात डॅशबोर्डवर, "मामा, अजून जोरात" म्हणत. खंबाटकीच्या वळणावर पुढचा ट्रक थांबला. माझा वेग तीसही नव्हता. वाटेतल्या दवाखान्यात तीन टाके पडले. तू रडलीसुद्धा नाहीस, माझाच शर्ट धरून बसलीस. ती पायरी मी घरी येता येता रचली. लोकांच्या बसचे ब्रेक रोज तपासणारा मी, आणि तुला एक दोरीसुद्धा बांधली नव्हती.

तुझं लग्न लागताना मी अक्षता टाकत होतो ते त्या भुवईकडे बघत. तुला वाटलं मामा हळवा झालाय.

तू वाईट आई नाहीस ग. रात्री तीन तीनदा उठून, सकाळी ऑफिस गाठून, वर पोराला सांभाळतेस. हे मला दिसतं. तुझा अंगठा दुखत असेल तर अबीरच्या बाबाला लावायला सांग. त्याने फक्त दोनदा "टक्" ऐकायचं.

रविवारी सकाळच्या गाडीने येतोय. ते बकल मीच धुऊन देईन. कंदी पेढे आणतो, पण अबीरला ते घरात द्यायचे, खुर्चीत नाही.

तुझा,
अण्णामामा

ता. क. पायरीचं तुझ्या आईला मीच सांगेन. तू काही बोलू नकोस.