हातात चिंबोरी आधी, अंगात झगा नंतर

बाय, यंदा सर्व संतांच्या सणाला संतांच्या वेशातला मुलांचा कार्यक्रम तुझ्या गळ्यात पडलाय, आणि काल रात्री तू मोबाइलवर भाड्याच्या पोशाखांचे दर बघत बसली होतीस. मी काही बोलले नाही, पण जीव तुटला माझा. सॅटिनचा तो चकचकीत झगा चार तासांसाठी आणायचा, पोराच्या अंगाला घालायचा, फोटो काढायचा आणि परत करायचा. पोराला विचार तू कोण, तर तो आईच्या तोंडाकडे बघतो. मी इतकी वर्षं धर्मशिक्षणाचे वर्ग घेतले, तेव्हा हेच पाहत आले. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी गोष्ट, मग हातातली खूण, आणि झगा सगळ्यात शेवटी. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना, संध्याकाळी घरोघरी रोझरी असतेच. रोझरी संपली की पाच मिनिटं मुलांना थांबव आणि एकेका संताची गोष्ट सांग. महिना संपेपर्यंत ज्याचा संत त्याला आपोआप सापडतो.

संत फ्रान्सिस झेवियरचंच घे. आपल्या वसईत ते स्वतः येऊन गेलेत, हे मुलांना आधी सांगायचं. मग समुद्राची गोष्ट. मोलुक्का बेटांच्या बाजूला वादळ उठलं, त्यांनी गळ्यातला क्रूस पाण्यात बुडवला आणि तो हातातून निसटला. दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर एक चिंबोरी नांग्यांत क्रूस धरून त्यांच्यासमोर आली. ही आख्यायिका आहे, आणि आख्यायिका म्हणूनच सांगायची. पण आपल्या किनाऱ्यावरच्या पोराला चिंबोरी म्हटली की डोळ्यांत चमक येते, कारण तिच्या नांगीचा चिमटा त्याने खाल्लेला असतो. त्याला नारळाची अर्धी करवंटी दे. बाहेरून काचेच्या तुकड्याने खरवडून गुळगुळीत करायची (हे काम मोठ्यांचं), वर गेरूचे दोन हात. पायांना जाड तारेवर लाल सुतळी गुंडाळायची आणि टोकं आत वळवायची. नांग्यांत पुठ्ठ्याचा क्रूस. दोन संध्याकाळी जातात, गेरू फरशीवर सांडतो, सांडू दे. ती चिंबोरी हातात असली की अंगात बाबांचा काळा सदरा उलटा घातलेला असला तरी तो पोरगा फ्रान्सिस झेवियर असतो, आणि गोष्ट त्याच्या तोंडून आपणहून येते.

संत निवडताना आधी बाप्तिस्म्याचं नाव बघ. कितीतरी मुलांना आपल्या नावाचा संत कोण हेच ठाऊक नसतं. आंतोन नावाच्या मुलाला लिलीचं फूल आणि बाळ येशू माहीत नसतो, लुसीला डोळ्यांची गोष्ट माहीत नसते. नावातून काही जमलं नाही तर मुलाच्या आवडीकडे जा. कुत्र्या-मांजरांत रमणारा असला तर फ्रान्सिस असिसीकर. घर झाडायला आवडणारी मुलगी असली तर तिच्या हाती खराटा देऊन पेरू देशातल्या मार्टिन द पोरेसची गोष्ट सांग, ते मठात झाडलोट करायचे आणि आजाऱ्यांची सेवा करायचे. त्यांचा सण 3 नोव्हेंबरला, म्हणजे आपल्या सणाच्या पाठोपाठच येतो. मुलगी पुरुष संत होऊ शकते का, असं कुणी विचारलं तर माझं नाव सांग. गोष्ट तिची झाली असेल तर ती होऊ शकते.

आता गोन्सालो गार्सिया. ते आपले, इथे वसईत जन्मलेले, त्यामुळे दरवर्षी पाच-सहा मुलांना तेच व्हायचं असतं. कुणाला नाही म्हणू नकोस. ते फ्रान्सिस्कन बंधू होते, आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी जपानमध्ये नागासाकीच्या टेकडीवर त्यांना क्रुसावर मारलं. त्या दिवशी तिथे एकूण 26 जण होते, आणि त्यांत मुलंही होती. लुईस इबाराकी 12 वर्षांचा, आंतोन 13 चा, थॉमस कोझाकी 14 चा. टेकडीवर पोचल्यावर लुईसने माझा क्रूस कोणता असं विचारलं आणि तो त्याच्याकडे धावला, असं सांगतात. ही गोष्ट मी वर्गात सांगायची तेव्हा मागच्या बाकावरची मस्ती थांबायची. म्हणून पाच गोन्सालो आले की एकाला गोन्सालो कर आणि बाकीच्यांना विचार, तुमच्यातला लुईस कोण होणार? बहुतेक वेळा मग सगळ्यांना लुईसच व्हायचं असतं. क्रूस मात्र टीव्हीच्या किंवा फ्रिजच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचे कर. लाकडी क्रूस दहा मिनिटांत हातातून घसरतो आणि पुढच्याच्या पाठीत लागतो. चित्रांत त्यांच्याबरोबर भाले दाखवतात, ते आपल्याला नकोत. टोकदार काहीही मुलांच्या हाती द्यायचं नाही.

झग्यासाठी जुनी सुती चादर काढ. खांद्यापासून घोट्यापर्यंत माप घे, त्याच्या दुप्पट कापड, मधोमध दुमडायचं, दुमडीवर गळा कापायचा, बगलेपासून खाली दोन्ही बाजू शिवायच्या. बाह्या रुंद ठेव. खालची कड घोट्याच्या चार बोटं वर राहू दे, नाहीतर वेदीच्या पायऱ्या चढताना पाय अडकतो. रंगासाठी दुकानात जाऊ नकोस. घरात रोज चहा होतो, त्याचा चोथा महिनाभर उन्हात वाळवून डब्यात साठव. सणाच्या आठवडाभर आधी मोठ्या टोपात पाच लिटर पाणी, त्यात तो सगळा चोथा आणि वर मूठभर ताजी चहा पावडर, वीस मिनिटं उकळायचं, गाळायचं, आणि चादर त्यात रात्रभर बुडवून ठेवायची. मधूनमधून हलव, नाहीतर डाग पडतात. सकाळी तुरटीच्या पाण्यातून काढून सावलीत वाळत घाल. गडद तपकिरी येत नाही, बदामी येतो, आणि तो जुना वापरलेला दिसतो तेच बरं. तोच काढा लोखंडी कढईत उकळलास तर रंग काळपट होतो. डोमिनिकन संतांच्या काळ्या आवरणाला तो चालतो, फक्त कापड नंतर दोनदा धुवायचं.

कमरेला सुती दोरी, तिला तीन गाठी. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन, फ्रान्सिस्कनांची ही तीन व्रतं. गाठी मुलाकडूनच मारून घे. सुंभ वापरू नकोस, तो टोचतो. टोचण्यावरून सांगते, माझा थोरला सहा वर्षांचा असताना मी त्याला बाप्तिस्मा करणारा योहान केला आणि तांदळाच्या गोणीचा अंगरखा शिवून थेट उघड्या अंगावर चढवला. गोणीचं कापड खरं दिसतं म्हणून मी खूश होते. मिरवणूक अर्ध्यावर येईपर्यंत त्याची मान आणि पाठ लाल झाली, आणि तो रडत रडत शेवटपर्यंत चालला. त्या रात्री खोबरेल लावताना मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून गोणी असो की चादर, आत जुना बनियन असल्याशिवाय मी काही घालू दिलं नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला दुपारी आपल्याकडे घाम फुटतोच, सुती बनियन तोही टिपतो.

मदर तेरेसा होणाऱ्या मुली दोन-तीन तरी असतात. पांढऱ्या पातळ धोतराच्या काठाला निळ्या फिती शिव, एक रुंद आणि दोन बारीक. साडी तिला नेसवू नकोस. निऱ्या आधीच टाके घालून इलॅस्टिकच्या पट्टीवर बसव, डोक्यावरचा पदर केसांच्या क्लिपांनी धर, आणि डाव्या खांद्यावर छोटा क्रूस. पिना शक्यतो टाळ, मुलं एकमेकांना मिठ्या मारतात.

तेजोवलय तारेचं करू नकोस. एका वर्षी एका पोराच्या डोक्यावरची तार शेजारच्याच्या कानाला लागली होती. पुठ्ठ्याची बारीक पट्टी डोक्याभोवती, मागे सोनेरी बेगडीचं गोल ताट, झालं. दाढीसाठी कापूस डिंकाने गालावर चिकटवतात, तेही नको. नाकाला गुदगुल्या होतात आणि पोर सारखं शिंकतं. लहानग्याला काजळाची दाढी काढ, आणि मोठ्याला मलमलच्या तुकड्यावर कापूस शिवून कानात अडकवायला दोरे दे.

आपल्या देशातले संत विसरू नकोस. गोव्याच्या बाणावलीचे जोसेफ वाझ डचांच्या अमलातल्या श्रीलंकेत फाटके कपडे घालून, भिकाऱ्याच्या वेशात शिरले. त्यांचा पोशाख घरातल्या जुन्या कपड्यांच्या गाठोड्यातच असतो, फक्त आतल्या खिशात क्रूस लपवायचा आणि गोष्ट सांगताना बाहेर काढायचा. बघणाऱ्यांचा श्वास तिथे थांबतो. देवसहायम पिल्ले त्रावणकोरच्या दरबारात होते, त्यांना 2022 मध्ये संत म्हणून घोषित केलं. धोतर, उपरणं आणि हातात काळ्या कागदाच्या कड्यांची बेडी. कागदाच्या कड्या ओवायला सगळ्यात लहान मुलंही बसू शकतात.

आणि एखादा मोठा मुलगा येऊन म्हणेल, मला झगा घालायचा नाही. त्याच्यावर रागावू नकोस. त्याला कार्लो अकुतिस सांग. इटलीत वाढलेला मुलगा, 2006 साली पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेला, आणि 7 सप्टेंबर 2025 रोजी संत झाला. तो जीन्स घालायचा, पाठीवर सॅक असायची, संगणक त्याला फार आवडायचा, आणि पवित्र मिस्साबलीदानातल्या चमत्कारांची माहिती गोळा करून त्याने वेबसाइट बनवली. पोशाखाला खर्च शून्य. पण इथे खूणच नाही म्हटल्यावर गोष्ट दुप्पट नीट यायला हवी. त्या मुलाला रोज दहा मिनिटं दे. चौदा वर्षांचं पोर आपल्या वयाच्या संताबद्दल सर्वांसमोर उभं राहून बोलतं, तेव्हा मागच्या रांगेतले पुरुषसुद्धा बोलायचे थांबतात, हे मी पाहिलंय.

आता खाऊ. विकतचा केक कापून वाटू नकोस. खाऊसुद्धा गोष्टीला जोडता येतो. संत याकोबाच्या यात्रेकरूंची खूण म्हणजे शिंपला, आणि आपले नाताळचे कलकल दिसतात अगदी शिंपल्यासारखे. चाळीस मुलांना एक किलो मैदा पुरतो. त्यात 200 ग्रॅम पिठीसाखर, 100 ग्रॅम तूप, दोन अंडी, चिमूटभर मीठ आणि लागेल तसं नारळाचं घट्ट दूध घालून पीठ घट्ट मळ. साखर याहून वाढवलीस तर तेलात बाहेरून करपतात आणि आत कच्चे राहतात. तासभर झाकून ठेव. काट्याच्या पाठीला किंवा नव्या कोऱ्या कंगव्याला तेल लावायचं, बोराएवढी गोळी त्यावर दाबून पसरायची आणि गुंडाळत उचलायची. हे काम मुलांचं. पन्नास वाकड्या होतील, एकावन्नावी जमेल. तळण तेवढं तुझं, मंद आचेवर.

छोट्या संत तेरेजाला गुलाब प्रिय, तिच्यासाठी गुलाबाच्या साच्याच्या कुकी कर. साचा नवा असला तर आदल्या रात्री तेलात बुडवून ठेव. तळताना साचा आधी तेलात चांगला तापव, मग पिठात पाऊणच बुडव. पीठ वरच्या कडेवर चढलं की कुकी सुटत नाही, आणि साचा आपटून काढला की फूल मोडतं. इथे मुलांना जवळ येऊ देऊ नकोस.

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानासाठी सगळ्यात सोपं, आपली वसईची सुकेळी. बोटभर तुकडे करायचे आणि वर मधाचा थेंब. वाळवंटात रानमध खाणाऱ्या संताची आठवण, चूल न पेटवता. आगाशीच्या बाजूला ओळखीचं कुणी असेल तर त्यांच्याकडून घे. शेंगदाणे किंवा काजू घातलेला खाऊ वेगळ्या ताटात ठेव, आणि कुणाला सोसत नाही हे आयांना आधीच विचारून ठेव.

शेवटी प्रत्येक मुलाच्या हातात एक लहान पाव. पोर्तुगालमध्ये 1 नोव्हेंबरला मुलं दारोदार जाऊन देवाच्या नावाने पाव मागतात. आपला पाव हा शब्दही त्यांच्याच भाषेतून आपल्याकडे आला. बेकरीवाल्याला दोन दिवस आधी सांग, वर क्रुसाची चीर पाडून देतो. मुलांना मात्र मागायला पाठवू नकोस, द्यायला पाठव. दोन पाव हातात, एक आपला आणि एक आळीतल्या एकट्या म्हाताऱ्या माणसाचा.

मिरवणुकीत मेणबत्ती पेटवायची नाही. नायलॉनची लेस एका ठिणगीत आकसते आणि कातडीला चिकटते. पणतीसारखे बॅटरीचे दिवे मिळतात, ते चालतात. खऱ्या मेणबत्त्या दुसऱ्या दिवशीसाठी राख. 2 तारखेला, मृतांच्या स्मरणदिनी, सकाळी मंचावरच्या झेंडूच्या माळा सोडव आणि फुलं टोपलीत घालून मुलांसह स्मशानात जा. झगे नकोत तेव्हा, रोजचे कपडे. पण जाताना त्यांना सांग, काल ज्यांची नावं घेतली त्यांच्याचबरोबर आज आपल्या घरातल्यांची नावं घ्यायची. मग मुलं आजोबांच्या क्रुसासमोर उभी राहून नाव मोठ्याने म्हणतात. कुणी शिकवावं लागत नाही.

घरी आल्यावर झगे थंड पाण्यात हाताने धू, पिळू नकोस. दोरीच्या गाठी सोडू नकोस. वाळले की कडुनिंबाच्या पाल्यासह ट्रंकेत घडी कर, आणि प्रत्येकाच्या गळ्याच्या आत कापडाची चिठ्ठी टाच, कुणी घातला आणि कोणत्या साली. माझी ट्रंक खाटेखाली आहे, किल्ली घरातल्या आल्तारावरच्या फोटोमागे. गोन्सालोचा झगा खालून तिसरा. त्यावर चार नावं आहेत, आणि सगळ्यात जुनं तुझ्या नवऱ्याचं.