इंजिन बदलताना फ्युएल प्रेशर रेग्युलेटर कसा निवडायचा? गॅरेज आणि स्पेअर पार्टवाल्यांसाठी धडा

तेल्हारा, अकोट, हिवरखेड अशा गावात गॅरेज किंवा स्पेअर पार्टचं दुकान टाकायचं ठरवलं असेल, तर आजचा धडा तुमच्या कामाचा आहे. व्हिडिओत पार्ट हातात धरून दाखवले आहेत. इथे निवडीची रीत क्रमाने लिहून देतो.

काउंटरवर गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "भाऊ, जिप्सीले इंजेक्शनवालं इंजिन बसवून राहिलो. एक चांगला रेग्युलेटर द्या न, कितीले पडते?" बहुतेक दुकानदार लगेच भाव सांगून मोकळे होतात. गडबड तिथंच होते. रेग्युलेटर कोणता लागेल हे इंजिन, पंप आणि रिटर्न लाइन हे तिघं मिळून ठरवतात. या तिघांची माहिती हातात येईपर्यंत भाव सांगू नका.

आधी फरक समजून घ्या

मारुती जिप्सी १९८५ साली आली ती ९७० सीसीच्या कार्बोरेटर इंजिनावर. १९९६ मध्ये जिप्सी किंगला १३०० सीसीचं इंजिन मिळालं, तेही कार्बोरेटरचंच. २००० च्या सुमारास त्या १३०० सीसीला १६ व्हॉल्व्हचं एमपीएफआय इंजिन आलं. मेळघाटच्या सफारीत ही गाडी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. त्यामुळे जुन्या जिप्सीत एमपीएफआय इंजिन टाकायचा विचार आपल्या भागात कोणाच्याही डोक्यात येऊ शकतो.

कार्बोरेटरला पेट्रोल फक्त पोचवायचं असतं. त्याला साधारण ०.२ ते ०.३ बार प्रेशर पुरतं. इंजेक्टरला बारीक फवारा मारायचा असतो, त्याला साधारण ३ बार लागतं. म्हणजे सरळ दहापट! जुना मेकॅनिकल पंप, जुने रबरी पाइप आणि साधे क्लॅम्प या प्रेशरसाठी बनलेलेच नाहीत. गरम इंजिनावर पेट्रोलचा एक पाइप सुटला तर गाडी पेटू शकते. मागच्या सीटवर पर्यटक बसलेले आहेत, हे डोळ्यांसमोर ठेवून काम करा.

रेग्युलेटर करतो काय?

पंप गरजेपेक्षा जास्त पेट्रोल ढकलतो. रेग्युलेटरच्या आत एक डायफ्राम आणि स्प्रिंग असते. ठरलेल्या प्रेशरच्या वर गेलं की तो जास्तीचं पेट्रोल टाकीत परत पाठवतो. ईसीयू फक्त इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरवतो. प्रेशर बरोबर आहे, हे तो धरूनच चालतो. प्रेशर १० टक्के वाढलं तर पेट्रोल साधारण ५ टक्के जास्त पडतं. जास्त झालं की काळा धूर आणि अॅव्हरेज खाली. कमी झालं की लोडवर गाडी दम टाकते आणि इंजिन तापतं.

निवडीचे चार प्रश्न

१. इंजिनाला नेमकं प्रेशर किती? त्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा घ्या, ऐकीव घेऊ नका. इंजिन कंपनीच्या मूळ स्थितीत असेल आणि त्याच्या रेलवर स्वतःचा रेग्युलेटर असेल, तर तोच प्रकार नवा घालणं सर्वात चांगलं. स्क्रू फिरवून अॅडजस्ट होणारा महागडा रेग्युलेटर तिथे लागतच नाही. गिऱ्हाईकाला हे स्पष्ट सांगा. आज विक्री थोडी कमी होईल, पण माणूस पुढच्या कामाला तुमच्याकडेच येईल.

२. सिस्टिम रिटर्नची की विनारिटर्नची? रेलवर दोन पाइप असतील तर एक बहुधा परतीचा. नव्या बऱ्याच इंजिनांत रेलला एकच पाइप असतो आणि रेग्युलेटर टाकीतल्या पंपासोबत येतो. त्या ईसीयूची मांडणी एका स्थिर प्रेशरवर असते. तिथे व्हॅक्यूमची नळी जोडलेला रेग्युलेटर लावला तर हिशोब बिघडतो.

३. पंप किती पेट्रोल देतो? आयडलवर इंजिन फारच थोडं पेट्रोल पितं, बाकी सगळं रेग्युलेटरमधून परत जातं. पंप मोठा आणि रेग्युलेटर लहान असेल, तर प्रेशर खाली येतच नाही. म्हणून "मोठा पंप लावून द्या" ही मागणी आली की आधी रेग्युलेटर आणि रिटर्न पाइपची क्षमता तपासा.

४. मटेरियल कोणतं? आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. डायफ्राम आणि ओ-रिंग इथेनॉल सहन करणाऱ्या हव्यात. पाइप फ्युएल इंजेक्शनसाठी बनलेलाच घ्या.

बसवल्यावर मोजा

काम मोकळ्या हवेत, फायर एक्स्टिंग्विशर जवळ ठेवून करा. गेज लावा. व्हॅक्यूमची नळी काढून तिचं इंजिनाकडचं तोंड बंद करा आणि आयडलवर प्रेशर बघा. ३ बारचा रेग्युलेटर असेल तर आता ३ च्या आसपास दिसायला पाहिजे. नळी परत लावली की आकडा साधारण अर्धा बार खाली येतो. तो खाली आला नाही तर नळी फुटली आहे किंवा चुकीच्या जागी लागली आहे.

अॅडजस्टेबल रेग्युलेटरचा स्क्रू पूर्ण ढिला करूनही प्रेशर जास्तच राहत असेल, तर पार्टला दोष देण्याआधी रिटर्न लाइन तपासा. जुन्या टाकीचं परतीचं तोंड बारीक असतं, किंवा पाइप कुठेतरी दबलेला असतो.

आता धंद्याचा भाग

कोटेशनमध्ये नुसता रेग्युलेटर लिहू नका. पंप, फिल्टर, पाइप, क्लॅम्प, रिटर्नचं काम, टेस्टिंग आणि मजुरी वेगवेगळी लिहा. मग गिऱ्हाईक तुमच्या भावाची तुलना दुसऱ्याच्या सुट्या पार्टशी करणार नाही. मागवून आणायच्या पार्टवर अॅडव्हान्स घ्या. असा पार्ट दुकानात पडून राहिला तर भांडवल अडकतं. गाडी देताना दोन्ही प्रेशरचे आकडे जॉब कार्डवर लिहा, गेजचा फोटो काढून ठेवा आणि ५०० किलोमीटरनंतर लीकेज चेकला बोलवा. पहिल्या कमाईतून एक चांगलं प्रेशर गेज घ्याच.

आणि कागद! मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरची माहिती कंपनीने मुळात ठरवलेल्या माहितीपेक्षा वेगळी पडेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे पक्कं केलं आहे. नियमाबाहेर बदल केला तर कलम १८२-अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. विम्याचा क्लेमही अडकू शकतो. म्हणून इंजिन उतरवण्याआधी गिऱ्हाईकाला अकोल्याच्या आरटीओ ऑफिसला पाठवा आणि मंजुरीची प्रत तुमच्या फाइलला लावा. "नंतर पाहून घेऊ" म्हणणाऱ्याचं काम हात जोडून परत करा. असं एक काम सोडलं तरी दुकान चालतं. रस्त्यावर एक गाडी पेटली तर नाव परत कमावता येत नाही.

गृहपाठ: वरच्या चार प्रश्नांचा एक छापील फॉर्म बनवा आणि काउंटरवर ठेवा. फॉर्म पूर्ण भरला की मगच कॅल्क्युलेटर हातात घ्या. पुढच्या धड्यात कोटेशनमध्ये मजुरीचा दर कसा काढायचा ते पाहू.